खाडीच्या बाजूने पाहिलेला बांध

वाचकहो, शेती विस्तार अधिकारी म्हटला की त्याच्या हातात काय असावे? मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, खतांच्या मात्रेचा तक्ता, फार तर शिवारफेरीच्या नोंदींची डायरी. मी मात्र आज तुम्हाला खाडीत होडके वल्हवत फोटो काढण्याविषयी सांगणार आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा नाद शोभतो का, हा प्रश्न आमच्या घरी विचारून झालेला आहे आणि त्यावर दोन दिवस अबोलाही झालेला आहे. तेव्हा आपण तो पुन्हा विचारू नये. नादाचे मूळ एका बांधात आहे, आणि त्या बांधापाशी माझी एक चूक गाडलेली आहे. ती आधी सांगतो.

कर्ली नदी तारकर्लीजवळ आली की एकदम समुद्राला मिळत नाही. ती दक्षिणेकडे वळते आणि देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला उजव्या हाताला ठेवून बरेच अंतर समुद्राला समांतर वाहते. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची ती पट्टी. ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळे सांगायला नको. या खाडीच्या पूर्व काठाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गोष्ट माझ्या चुकीची आहे, गावाची नव्हे. गावाच्या खालच्या अंगाला खाजण आहे, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातजमीन. खारभूमीसाठी मुंबई राज्यात १९४८ साली कायदा झाला, महाराष्ट्राने १९७९ साली नवा केला, आणि पुष्कळ बांध सरकारने बांधले, सांभाळले. पण हा बांध गावकीचा. आजोबा-पणजोबांनी चिखल, पेंढा आणि दगड घालून उभा केलेला, तीनशे पावले लांबीचा.

ज्यांची शेती घाटावर आहे त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त लिहितो. खाजणाच्या बांधाला एक झडपेचे दार असते. त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात, गोव्यात मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून चढले की त्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागून बाहेरचे पाणी उतरले की आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने तीच झडप उघडते आणि पावसाचे जादा पाणी खाडीत निघून जाते. वीज नाही, मोटार नाही, दिवसातून दोनदा समुद्रच दार लावतो आणि दोनदा उघडतो. एवढे सुंदर यंत्र असले तरी बांध धड असेल तरच त्याला अर्थ.

२०११ च्या मे महिन्यात मी त्या बांधावरून चालत गेलो. गावकऱ्यांना दुरुस्तीसाठी मदत मागायची होती आणि त्यांच्या अर्जासोबत माझा शेरा हवा होता. डोक्यावर ऊन, खाली सुकून टणक झालेली माती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, दोन ठिकाणी टाच आपटून पाहिली आणि लिहिले, ‘बांध सर्वसाधारणपणे सुस्थितीत आहे.’ परत येताना एका घराच्या पडवीत पाणी प्यायला थांबलो. त्या घरच्या काकी, तेव्हा पासष्टीच्या असतील, तांब्या देताना म्हणाल्या, “साहेबांनू, तुमी बांध वरसून बघल्यात. कुर्ली खालसून काम करता.” मी हसलो. कुर्ली म्हणजे खेकडा. पुस्तकातला माणूस असल्या वाक्यावर हसतो.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या २७ सप्टेंबरला आली. दिवस-रात्र सारखी असण्याच्या सुमाराची अमावास्या, म्हणजे उधाण मोठे. भात फुलोऱ्यात होते. खारेपणा भाताला दोन वेळा फार बाधतो, रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात. रात्रीच्या भरतीला बांध मधोमध फुटला. वरून ओलांडून पाणी गेले नव्हते. खालून कुर्ल्यांच्या बिळातून पाझर लागला, बीळ रुंदावत गेले, आतली माती वाहून गेली आणि वरचा टणक भाग, माझ्या टाचेने पारखलेला तोच, आपल्याच भाराने खाली बसला. सकाळी मी पोचलो तेव्हा खाजणात बोयीची पिल्ले पोहत होती. काकी उंबऱ्यात बसल्या होत्या. आदल्या दिवशी पितरांना त्याच शेताच्या जुन्या तांदळाचा भात वाढला होता, एवढेच त्या म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढची तीन वर्षे त्या शेतांनी काय दिले ते लिहिण्यासारखे नाही. गावकऱ्यांनी उन्हाळ्यात खिंडार कसेबसे बुजवले. पावसाळ्यात गोडे पाणी शेतात साठवायचे, दोन-तीन दिवस ठेवायचे, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, पुन्हा साठवायचे. मीठ धुऊन काढायला आपल्या कोकणच्या पावसासारखा दुसरा मजूर नाही, पण तो घाई करत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे बियाणे आणून दिले. पहिल्या वर्षी पेंढा आणि पोचट दाणे, दुसऱ्या वर्षी जरा बरे, चौथ्या वर्षी काकींच्या पडवीत पुन्हा भाताची मळणी दिसली. या काळात मला एक धास्ती होती. बांध उघडा राहून आत खारे पाणी खेळत राहिले तर दोन-चार वर्षांत तिवराची रोपे उभी राहतात. तिवर, कांदळ, चिपी ही झाडे खाडीचे रक्षण करतात आणि ती तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात ती बंदी पक्की केली आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. बंदी योग्यच आहे, बांधाबाहेरचे तिवर नसते तर लाटांनी बांध केव्हाच धुतला असता. पण बांधाच्या आत एकदा तिवर रुजले की त्या शेताचे पुन्हा शेत होणे अवघड. म्हणजे फुटलेला बांध वेळेत बुजवणे हा सबंध जमीन राहण्या-न राहण्याचा प्रश्न असतो.

असो. आता होडक्याकडे येतो.

काकींचा नातू मुंबईला एका हॉटेलात नोकरीला होता. टाळेबंदीत परत आला आणि गावातच राहिला. त्याने दोघा मित्रांबरोबर पर्यटकांसाठी चार कयाक घेतल्या. कयाक म्हणजे एका किंवा दोन माणसांचे, निमुळते, प्लास्टिकचे होडके. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. मूळचे हे वाहन उत्तर ध्रुवाकडल्या इन्युइट लोकांचे. वाहून आलेली लाकडे आणि हाडे यांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते कयाक करीत आणि तिच्यातून बर्फाळ पाण्यात सीलची शिकार करीत. आवाज नाही आणि माणूस पाण्याच्या इतका जवळ बसतो की सावजाला तो दिसतच नाही. आमच्या मालवणी होडीला एका बाजूला उलांडी असते, बांबूच्या आडव्या दांड्यांनी बांधलेले ते लाकूड होडीला उलटू देत नाही. कयाकला उलांडी नाही. तिचा तोल म्हणजे बसणाऱ्याच्या कमरेचा तोल, हे ध्यानात ठेवा, कारण मी ठेवले नव्हते.

२०२२ च्या डिसेंबरात एका रविवारी नातू म्हणाला, “काकानू, चला, तुमका खाडी दाखवतंय.” ज्या खाडीच्या काठी मी बारा-पंधरा वर्षे फिरलो ती हा पोरगा मला दाखवणार! पण गेलो. गळ्यात कॅमेरा अडकवला. कॅमेऱ्याचा मला जुना शौक. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा फोटो निघत आणि ते बारा आम्ही सहा-सहा महिने पुरवीत असू. दापोलीला कृषी पदवीचा अभ्यास करताना किडींचे फोटो काढायचा सराव झाला. त्या कौशल्याच्या भरवशावर मी कयाकमध्ये बसलो. एका तिवराच्या शेंड्यावर काकण बसला होता, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. मी वल्हे मांडीवर ठेवले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेमका तो मागच्या बाजूला उडाला. मी खांदे वळवले, कंबरही वळली. पुढचे दृश्य मला दिसले ते पाण्याखालून.

जीवरक्षक जाकीट घातले होते म्हणून हा लेख लिहितो आहे. नातवाने पाण्यात उडी टाकून मला काढले, कयाक सरळ केली आणि काही बोलला नाही. त्या घराण्यातच न बोलण्याची रीत आहे. कॅमेरा खाऱ्या पाण्याने गेला. खिशातला मोबाईल घरी येऊन तांदळाच्या डब्यात ठेवला. हा उपाय हल्ली सगळीकडे चालतो, पण मोबाईल बनवणाऱ्या कंपन्याच आता नको म्हणतात, तांदळाचा बारीक कोंडा फटींत जातो. माझाही मोबाईल वाचला नाही. तांदूळ मात्र आम्ही धुऊन खाल्ले.

पण त्या पडापडीत एक गोष्ट घडली. ओहोटी होती. पाण्यातून डोके वर काढले तेव्हा माझ्या समोर, चार हातांवर, तोच बांध होता. इतकी वर्षे मी त्याच्या माथ्यावरून चाललो. त्याचा पाया मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि त्या पायात मुठीएवढी दोन भोके होती.

घरी आल्यावर झोप लागली नाही. उघड प्रश्न असा होता की बांधाचा खाडीकडचा पाया पाहायचा कसा? चिखलात मांडीपर्यंत पाय रुततो, तिथून चालता येत नाही. यांत्रिक होडी इतक्या उथळ पाण्यात येत नाही. आमची साधी होडी येते, पण तिवरांच्या मुळांत उलांडी अडकते. कयाक मात्र वीतभर पाण्यात तरंगते. आणि नुसते पाहून भागणार नव्हते. मी पाहिले असे सांगणारा मी, म्हणजे ‘सुस्थितीत आहे’ लिहिणारा तोच माणूस. गावकीसमोर ठेवायला फोटो हवे होते.

इथे तुम्हाला एका अमेरिकन वकिलाची गोष्ट सांगतो. जॉर्ज शिरास हे त्याचे नाव, दोन वर्षे तिथल्या संसदेतही होता. तरुणपणी तो रात्री छोट्या होडीतून हरणांची शिकार करी. होडीच्या नाळेवर दिवा ठेवायचा, काठावरच्या हरणाचे डोळे चमकले की बंदूक झाडायची. पुढे त्याने बंदूक ठेवून दिली आणि त्याच होडीत, त्याच दिव्यामागे कॅमेरा बसवला. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्याचे ७४ फोटो छापले. मला त्यातून एक व्यवहाराची गोष्ट मिळाली. शिरास फोटो काढी तेव्हा वल्हे मारायला दुसरा माणूस असे. एका माणसाला एका वेळी एकच काम. मी बुडालो तो दोन कामे एकदम करायला गेलो म्हणून. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या भगिनी पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तिथेही वल्हे त्यांच्या हातात असते आणि कॅमेरा पाहुण्याच्या.

तेव्हा दुसऱ्या खेपेला दोघांची कयाक घेतली. मागे नातू वल्ह्याला, पुढे मी. दिवस ठरवायला पंचांग काढले. भरतीचा हिशेब आमच्याकडे बायाबापड्यांनाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अमावास्येला पूर्ण ओहोटी साडेपाचच्या आत-बाहेर. उधाणाचा दिवस हवा, कारण ज्या दिवशी पाणी जास्त चढते त्याच दिवशी ते जास्त उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, बांधाचा पाया उघडाच पडत नाही. २१ जानेवारी २०२३ ला पौष अमावास्या होती, शनिवार होता, आणि चंद्रही त्या दिवशी पृथ्वीच्या अगदी जवळ आलेला. याहून चांगला मुहूर्त कोणता?

आदल्या दिवशी गावातल्या दोन मुलांनी बांधावर दर पंचवीस पावलांना एक काठी रोवली आणि तिला पांढरे फडके बांधून त्यावर मोठा आकडा घातला. तीनशे पावलांचे बारा टप्पे. वडिलांच्या क्लिक थ्रीचा एक रोल! का कोण जाणे, मला तो शकुन वाटला. प्रत्येक फोटोत डाव्या कडेला एक काठी आणि उजव्या कडेला पुढची काठी आली पाहिजे असे ठरवले, म्हणजे फोटो ओळीने मांडले की बांध सलग जुळतो आणि कुठले भोक कुठे आहे यावर वाद राहत नाही. आकार कळावा म्हणून नातवाने प्रत्येक ठिकाणी वल्ह्याचे पाते बांधाला टेकवायचे.

तीन वाजता निघालो. कयाक बांधाच्या वरच्या अंगाला पाण्यात घातली. उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचे आणि पाणी फिरले की चढत्या पाण्याबरोबर वर यायचे, असा बेत. हा क्रम कोणी उलटा करू नये. नदीमुखाकडे, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे ओहोटीची ओढ फार असते. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही. पाणी सोडताना फार खोल चिखलावर थांबलो तर होडके तिथेच बसते आणि भरती येईपर्यंत तुम्ही बगळ्यांच्या पंगतीत. एकदा बसलोही, सहाव्या काठीपाशी, वीस मिनिटे.

पौषात सूर्य दक्षिणेकडे कलून मावळतो. आमचा बांध पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे चार-साडेचारचे ऊन त्यावर सरळ न पडता तिरके पडते. तिरक्या उन्हात भोकाच्या एका काठावर उजेड आणि आत काळी सावली येते. दुपारच्या उन्हात त्याच बांधाचा फोटो काढा, सगळे सपाट दिसेल. शेतकऱ्यांना हे सांगायला नको. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात वाफ्याचा उंचसखलपणा कसा दिसतो हे आपण रोज पाहतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी तुम्ही स्वतः शेतात मोबाईलने फोटो काढू लागला आहात. ते काढतानाही सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवला तर पीक ओळखू येते.

मोबाईल नवा होता, म्हणून तो पारदर्शक जलरोधक पिशवीत घालून गळ्यात, आणि पिशवीला मासेमारीच्या जाळ्याचे एक बोंड, पाण्यात पडला तर तरंगावा म्हणून. मांडीवर सुती पंचा, पिशवीवर खाऱ्या पाण्याचा थेंब उडाला की लगेच टिपायला. थेंब सुकला की मिठाचा डाग राहतो आणि फोटोत धुके दिसते. बसताना गुडघे होडक्याच्या कडांना टेकवले, कोपरे बरगड्यांना. नातू म्हणाला, “काकानू, हलू नकात. तुमका बांध दाखवूचा काम माजा.” आणि खरोखर तो होडक्याचे नाकच बांधाकडे वळवी. मी फक्त श्वास सोडताना बटण दाबायचे. बाराच फोटो काढले असे म्हणणार नाही, प्रत्येक ठिकाणी चार-पाच काढले. क्लिक थ्रीचा काळ गेला.

मधेच एक गंमत झाली. आठव्या काठीशी एक पाणमांजर चिखलावर येऊन आमच्याकडे पाहत उभे राहिले, मिशांवरून पाणी ठिबकत. इतक्या जवळून मी पाणमांजर कधी पाहिले नव्हते. हात शिवशिवला. पण ते डाव्या बाजूला, मागच्या अंगाला होते, आणि डिसेंबरातल्या काकणाची आठवण ताजी होती. मी मान वळवली, कंबर वळवली नाही. नुसते पाहिले. त्याचा फोटो माझ्याकडे नाही. चांगले दोन मिनिटे ते तिथे होते.

बारावी काठी संपवून परत फिरलो तेव्हा सूर्य देवबागच्या माडांमागे गेला होता आणि चढते पाणी होडके आपोआप वर नेत होते. नातवाने वल्हे मांडीवर ठेवले. तेव्हा तो म्हणाला की २०११ साली तो नववीत होता, आणि ज्या रात्री बांध फुटला त्या रात्री त्याला पाण्याचा आवाज आला होता. पाऊस असेल म्हणून तो कूस बदलून झोपला. ही गोष्ट त्याने घरी कोणाला सांगितलेली नव्हती. मीही मग माझ्या शेऱ्याची गोष्ट त्याला सांगितली. त्याला ती ठाऊक होती. सगळ्या गावाला ठाऊक होती.

कुडाळला एका स्टुडिओत बारा फोटो मोठ्या आकारात छापून घेतले. मोबाईलच्या पडद्यावर बोटाने सरकवून दाखवलेला फोटो आणि हातात धरलेला कागद यांत फरक आहे. कागद चौघांना एकदम पाहता येतो, त्यावर पेन्सिलने खूण करता येते, आणि म्हाताऱ्या माणसांना तो आपला वाटतो. येत्या रविवारी गावकीची बैठक होती. त्याआधी मी ते काकींना दाखवायला गेलो. आता त्या सत्त्याहत्तरच्या आहेत, गुडघ्यांमुळे बांधावर जाणे सुटले आहे. पडवीत दोन पाट जोडून त्यावर बारा फोटो ओळीने लावले. एका फोटोच्या कडेची काठी दुसऱ्याच्या कडेच्या काठीवर ठेवत गेलो आणि सबंध बांध त्यांच्या समोर पसरला.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ह्यो आमचो बांध?” साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या या घरी आल्या, त्याच बांधावरून भाताचे भारे डोक्यावर घेऊन चालल्या, पण खाडीच्या बाजूने त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता. मी सापडलेली भोके दाखवू लागलो. तिसऱ्या फोटोत एक, चौथ्यात दोन, सहाव्यात एक, अकराव्यात एक. लाल पेन्सिलीने गोल केले होते. एकूण पाच. मला माझ्या कामाचा थोडा अभिमानही वाटत होता, खोटे कशाला बोलू?

काकींनी चष्मा पदराने पुसला आणि पाटावर वाकल्या. त्यांचे बोट माझ्या लाल गोलांवर थांबलेच नाही. नवव्या फोटोपाशी ते थांबले, जिथे मी काहीच खूण केली नव्हती. तिथे बांधाच्या पायाशी ताटाएवढा काळसर पट्टा होता. मी तो वरच्या तिवराच्या फांदीची सावली समजून सोडला होता.

“ती सावली न्हय,” त्या म्हणाल्या. “ओल आसा. ओहोटीक सुद्धा सुकाक नाय, म्हणजे आतसून पाणी येता.”

मी फोटो हातात घेतला. फांदी डावीकडे होती, ऊन उजवीकडून येत होते. सावली त्या जागी पडूच शकत नव्हती. बी. एस्सी. झालेल्या माणसाला एवढे कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला नातू आणि त्याचे दोन मित्र नवव्या काठीखाली उतरले. मी वर उभा राहून फोटो हातात धरून जागा सांगत होतो. फावड्याच्या तिसऱ्या घावाला माती आत ढासळली. नातवाने बाही वर सारून हात घातला, कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला, तरी पलीकडची भिंत हाताला लागेना. पाणी चढायला अजून दोन तास होते. कोणीतरी पेंढा आणायला धावला.